सरवा

हजेरी घेताना सर माझ्या नावाशी अडखळायचे.
सलोमी ढोकणे.
आडनाव ओळखीचं, ते सहज जिभेवर यायचं,
नावापाशी मात्र चष्मा वर जायचा,
आणि मागच्या बाकावरून कुणीतरी विचारायचं,
"म्हणजे तुम्ही मूळचे कोण?"
सोटमूळ की तंतुमूळ, असं मी एकदा म्हणाले.
वर्ग हसला. मी नाही.

मी पूर्णाकाठची, काळ्या मातीतली,
ज्वारीवर वाढलेली,
वडील मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर.
इथे सिंदेवाहीकडे बांधीमागे बांधी,
तलावाच्या पाळीपर्यंत नुसता धान,
आणि मेसमध्ये दोन्ही वेळा भात.
पहिल्या सहामाहीतले रविवार मी झोपून काढले.
बायबल ट्रंकेत, स्वेटरखाली.
रूममेटला वाटायचं, मी देवबिव मानत नाही.
तिला तसं वाटू दिलं. सोपं होतं ते.

मग एका संध्याकाळी बियाणं गोदामामागे
एक चाल ऐकू आली.
आईची, भांडी घासतानाची चाल;
शब्द एकही कळेना.
डोकावले तर पोत्यांवर तिघं:
गुमल्याचा अनुरंजन कुजूर,
सिरोंच्याचा रत्नम,
आणि ऐजॉलची लालरिनपुई, जिला अख्खी मेस 'चिनी' म्हणायची.
पुई सरकली. पोत्यावर माझ्यापुरती जागा झाली.
मूळबीळ कुणी विचारलं नाही.

शेवटी प्रभूची प्रार्थना,
ज्याने त्याने आपापल्या भाषेत, एकदमच,
चार बैल चार दिशांना जुंपल्यासारखी.
मी म्हणाले भाकर.
कुजूर रोटी. रत्नम आहारमु.
पुई म्हणाली चॉ.
चॉ म्हणजे गं?
"भात," ती म्हणाली, "आम्ही देवाकडे भातच मागतो."
मला हसू आवरेना.
सहा महिने मी रुसले होते त्या भातावर.

सगळं गोड नव्हतं.
रत्नमची प्रार्थना संपता संपत नसे,
डास पाय फोडून काढायचे.
बाप्तिस्मा शिंपडून की बुडवून, यावरून
कुजूर आणि मी दोन आठवडे अबोला धरला.
पाळकसाहेब नागभीडहून यायचे,
दोन महिन्यांतून एकदा, मोटरसायकलचा क्लच धड असला तर.

नोव्हेंबरात प्रयोगाचे प्लॉट कापले.
प्रत्येक पेंढी वजनकाट्यावर, प्रत्येक ग्रॅम वहीत.
बॉर्डरच्या ओळी तेवढ्या निरीक्षणात धरत नाहीत,
त्या आतल्या ओळींना वारा लागू नये म्हणून असतात.
हे सरांनी शिकवलं तेव्हा
मी पुईकडे पाहिलं, पुईने माझ्याकडे.

कापणीनंतर बांधीत लोंब्या पडून होत्या.
कुठल्याच ट्रीटमेंटच्या नाहीत, कुठल्याच रकान्यात नाहीत.
आमच्याकडे त्याला सरवा म्हणतात.
आई सांगायची त्या बाईची गोष्ट,
परक्या गावात सासूचा हात धरून आलेली,
दुसऱ्याच्या शेतात वाकून वाकून वेचणारी.
आम्ही राखणदार डोमाजीला विचारलं, घेऊ का?
"घ्या ना बाप्पा, पाखरं खातेतच, तुमी काहून नाई?"
रूममेट प्रांजली बांधावर उभी होती.
काय करताय, म्हणाली,
आणि उत्तराची वाट न बघता चपला काढून चिखलात उतरली.
रात्री मी तिला नीट सांगितलं. ती म्हणाली,
"ते स्वेटर उचललं होतं मी, दिवाळीतच."

डोमाजीच्या घरचं उखळ, त्याच्याच बायकोची चूल.
कापणीच्या सणाला दुसरं काहीच नव्हतं,
एवढा शेरभर भात, पळसाच्या पानांवर.
कुजूरने पाखडला होता, म्हणून दोन खडे निघाले,
एक माझ्याच दाताखाली.
पुईने आणखी वाढला.
मी नको म्हणाले नाही.