महिरपी कंस

लुके गावात रात्रीचे दोन.
तेरेरेतला बर्फ केव्हाच विरघळलाय.
देर्लिस पॅराग्वेचा नकाशा उघडतो, साल १८६४,
आणि युद्धाची ओळ पुसून टाकतो.

खेळ सुरूच होत नाही.
चाळीस मिनिटांनी गुन्हेगार सापडतो:
सरहद्दींच्या फायलीत एक महिरपी कंस,
उघडलेला, न मिटलेला.

मग चालतो. पासष्ट सरतं, सहासष्ट सरतं,
कापूस पिकतो, रेल्वे पुढे सरकते,
आणि एकोणसत्तरात ब्राझील चाल करून येतंच.
कारण? काही नाही.

तो आकडे उसवत बसतो.
ह्या खेळाला माणूस ठाऊक नाही, ठाऊक आहे मनुष्यबळ.
त्यानं वाचवलेला एकेक सुतार, एकेक हार्पवाला,
खोट्या दाढ्या लावून रणात उभी केलेली
ती पोरंसुद्धा
मोठी होऊन पडतात एकाच रकान्यात:
लढण्यास योग्य.
रकाना फुगला की शेजारी बिथरतात.

निन्फा झोपेतून म्हणते, आकडा कमी कर ना, झालं.

कमी कर.

त्याचं बोट कळीवर तसंच राहतं.

पहाटे तो नवा रकाना लिहायला घेतो,
ज्याचा खेळाला काडीचा उपयोग नाही.
नाव सुचत नाही. तूर्त लिहितो: बाकीचे.
कंस मिटवतो, दोनदा तपासतो.

खेळ कोसळतो.