काजानी, उणे एकवीस

चारवर चालत होता, बरा होता.
वेर्नेरीला चार पॉइंट आठ हवं होतं.
व्होल्टेज जरासं वाढवलं, मग अजून जरासं,
खिडकी उघडून बर्फाची हवा आत घेतली.

आता पंखे फिरतात अर्धा श्वास,
थांबतात. पुन्हा फिरतात.
पडदा काळा. बीपसुद्धा नाही.
उन्हाळाभर जंगलात बेरी वेचून जमवलेले पैसे
त्या काळ्यात शोधत बसलाय.

वरची राइली येते, लोकरी मोज्यांत,
कागद-कारखान्यात तीस वर्षं यंत्रं ऐकलेली.
"जळका वास नाही," म्हणते, "म्हणजे धुगधुगी आहे."
रॅमची एक पट्टी काढली. नाही.
दुसरी. नाही.
मग प्लग उपसून, लोण्याच्या सुरीनं
बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी उचकटते.
"कॉफी होईपर्यंत हात लावू नकोस.
विसरायलाही वेळ लागतो."

एक बीप.
आकडे सगळे मूळचे, खोक्यातून निघाले तसे,
आणि घड्याळात एक जानेवारी, २०१४.
तेव्हा तो पाच वर्षांचा,
दाराशी बाबांचे बूट.

राइली तारीख बदलायला वाकते.
असू दे, म्हणतो तो,
आजच्या रात्रीपुरती.