पाणसळ

पाटबंधारे खात्यानं तिला लिलावात काढलं तेव्हा
तिच्या पोटात चिमण्यांची तीन घरटी होती,
उंदरांनी कुरतडलेलं शीड, एकच गमबूट,
आणि कुणा साहेबाची डायरी :
पहिल्या पानावर दुधाचा हिशोब, पुढं सगळी कोरी.
बोली लावणारे दोघंच. एक भंगारवाला, एक मी.
तो म्हणाला, सिस्टर, एवढ्या लाकडाचं काय करता?
म्हटलं, राहते.

चौतीस वर्षं उपकेंद्राच्या क्वार्टरात गेली.
भिंतीला खिळा ठोकायचा तरी अर्ज.

धुवायलाच अकरा दिवस लागले.
आधी सोडा, मग साबण, मग फिनेल,
तरी तळातला कुजका वास हटेना म्हणून ब्लीचिंग.
बाळंतिणीची खोली धुतात तशी धुतली,
कोपऱ्याकडून दाराकडं, उलटं कधीच नाही.
शेवाळ खरवडलं तर खाली निळा रंग,
निळ्याखाली पिवळा,
पिवळ्याखाली लाकडाची स्वतःची तांबूस कातडी.
तिथं हात थांबवला.

फटींत सुताचा पीळ ठोकायला मल्लय्यानं शिकवलं,
वरून राळ अन् जवसाचं तेल.
"लई ठासू नका बाई. लाकूड पाण्यात फुगतंय,
त्याला जागा ठेवा."
टाके घालताना शिकाऊ पोरींना
मीही हेच सांगायचे, याच शब्दांत.

शीड काही सुधारण्यातलं नव्हतं.
धड होतं तेवढं कापून खिडक्यांना पडदे शिवले.
मल्लय्या दोन दिवस बोलला नाही माझ्याशी.

गादीत सावरीचा कापूस,
वरून एसटीच्या सीटचं हिरवं रेक्झिन, पैठण डेपोजवळून, मापानं.
मांडणीला बोटभर कड, लाटेनं डबे उतरू नयेत म्हणून.
स्टोव्ह साखळीला टांगलेला.
डोकं पहिले आठ दिवस आपटलं, नंतर नाही.
आणि उशाशी आडवी बांधलेली सलाईनची अर्धी बाटली,
आतला बुडबुडा मधोमध आहे का बघायला.
माझी पाणसळ.

नाथसागरावर सहा महिने बरे गेले.
मग एप्रिल. पाणी रोज चार बोटं मागं.
नांगराचा दोर आधी सैल, मग उघडा, मग वाळका.
एका सकाळी चहा कपात एकीकडंच साचलेला,
आणि बुडबुडा बाटलीच्या टोकाला जाऊन बसलेला.
बोट गाळात टेकली होती, डाव्या कुशीवर.

भाचा फोनवर म्हणाला, मावशी, आता तरी ये,
आमच्याकडं लिफ्ट आहे.

मी पहार घेतली. मल्लय्यानं दगड वाहिले.
एक दगड, मग बाटली बघायची. अजून एक. बाटली.
संध्याकाळपर्यंत बुडबुडा मधोमध.
झोप सपाट लागली.

गाळपेरीला कुणी टरबुजं लावली सभोवार,
वेल चढत चढत सुकाणूपर्यंत आला.
शेळ्या सावलीला बोटीखाली.
वाटेनं जाणाऱ्या बाया हसायच्या,
"कामून हो सिस्टर, बोटीत राहता
अन् पाणी हंड्यानं भरता?"
भरत होते. धुणंही तिथंच, दोरी डोलकाठीला.
एकीला तिसरा महिना होता, तिचं बीपी बघितलं
सुकाणूशेजारी बसवून.

जून कोरडा. जुलै कोरडा.
टरबुजं संपली, वेल मी उपटला नाही.

ऑगस्टात एका रात्री जाग आली.
वर ढग नाही, चांदण्या स्वच्छ.
पाऊस इथला नव्हताच, तिकडं नाशकाकडं पडला असेल,
कुणीतरी कुठं दरवाजे उघडले असतील.
बॅटरी मारली बाटलीवर.
बुडबुडा ज्वारीच्या दाण्याएवढा सरकला होता.
थांबला. परत आला.

उठून दुधाचं पातेलं खाली जमिनीवर ठेवलं,
डब्यांना दोरी बांधली,
पडदा सारून बघितलं, अंधारच होता.
मल्लय्याला फोन लावला नाही.
पहिली कळ आली म्हणून लगेच
गाव उठवायचं नसतं.