उजवी बाजू

खजुरी बाजारात पुस्तक मिळालं ते झेरॉक्सचं,
स्पायरल बांधणी, वर निळं प्लास्टिक.
पान एकशे बारानंतर थेट एकशे अठ्ठावीस.
मधलं प्रकरण स्टॉपलॉसचं होतं
हे मला कळलं, तेव्हा डिसेंबर संपत आला होता
आणि माझे एकतीस हजारही.
दुकानदार म्हणाला, ताई, सगळ्यांना असंच गेलंय,
तिथवर कुणी वाचतच नाही.

मग विजयनगरच्या हॉटेलात रविवारचं शिबिर.
चौदा हजार नऊशे नव्व्याण्णव, समोसा धरून.
शिकवणारा मुलगा तेविशीचा,
पडद्यावर आधी त्याची मोटार, मग चार्ट.
त्यानं सहा रेघा ओढल्या, सहा रंगांच्या,
ओढून झाल्या तेव्हा खालचा भाव दिसेना.
"ह्यात भाव कुठाय?"
मागच्या रांगेतून एक म्हातारा आवाज.
मुलगा हसला, "वो अगले कोर्स में, अंकल."

तो आवाज नेवासकर अण्णांचा.
भाच्यानं फी भरली आणि ऐन वेळी त्याला ताप आला,
म्हणून हे आले होते पैसे वसूल करायला.
तीस वर्षं छावणीत सोयाबीनच्या पेढीवर हिशेब लिहिले.
दोन समोसे खिशात घालून मला म्हणाले,
रामबागेत या कधी. फुकट दाखवतो.

ट्रंकेतून निघाले आलेखाचे कागद,
कडा पिवळ्या, शिसपेन्सिल अजून ताजी.
रोजची एक काडी:
सौदे उघडले तो भाव, चढा, उतरता, मिटले तो.
"मेणबत्ती म्हणतात होय हिला? छान आहे.
आम्ही काडीच म्हणायचो.
जळायची तर तीही."

कागदाच्या उजव्या अर्ध्यावर
त्यांनी एक जुनं पोस्टकार्ड ठेवलं.
"आता सांगा."
काय सांगू? पुढचं झाकलंय.
"मग काय वाटतं ते लिहा. तारखेसकट.
आणि कुठे चूक कबूल करणार, तेही आत्ताच."
मी लिहिलं: चढेल.
कार्ड एक काडीभर सरकलं. उतरला.
लिहिलं: आता तरी चढेल.
अण्णांनी चष्म्यावरून पाहिलं.
"आता तरी, हा शब्द खोडा."

नव्वद संध्याकाळी. बावन्न चुका.
बरोबर आलेल्यांकडे ते बघायचेच नाहीत;
चुकलेली एकेक काढून, पट्टी लावून मोजायचे
किती लांब जाऊ दिली.
पहिल्या महिन्यात वीतभर जायची.
मार्चमध्ये नखाएवढी.

दिवसा मी एम.वाय.मध्ये ईसीजी काढते.
जेल, क्लिपा, "श्वास नॉर्मल ठेवा बाबा",
गुलाबी चौकटींवर काळी रेघ येत राहते.
सतरा वर्षांत हजारो पट्ट्या फाडून दिल्या असतील.
नवे डॉक्टर पट्टीकडे बघून घाबरतात किंवा सुटकेचा श्वास टाकतात.
शिंगणे मॅडम मात्र बघायच्या आधी विचारतात,
"ह्यांची आधीची पट्टी आहे का?"
नातेवाईक पिशव्या उपसतात. रेशनकार्ड निघतं,
विम्याचे कागद निघतात, पट्टी निघत नाही.

मला आता दर आठवड्याला कुणीतरी विचारतं,
वॉर्डबॉय, फार्मसीतला पोरगा, नणंदेचा जावई:
ताई, प्राइस अ‍ॅक्शन कुठून शिकलीस?
चांगलं काही असेल तर सांग ना.
मी म्हणते, आधी तुझी वही आण.
ते म्हणतात, कसली वही?

शिबिरातल्या मुलाचा फोन येतो अजून,
अ‍ॅडव्हान्स कोर्स, जुन्या विद्यार्थ्यांना निम्म्या दरात.
आवाज पूर्वीपेक्षा थकलेला वाटतो.
मोटारीचं मी विचारत नाही.

अण्णा वैशाखात भाच्याकडे देवासला गेले, जिने झेपेनात म्हणून.
कागद घेऊन गेले. पोस्टकार्ड मला दिलं.
इतके दिवस ते सरकवत होते मी,
परवा पहिल्यांदा वाचलं.
कुणा यमूताईंचं, उज्जैनहून. शाई फिकी,
मुलीला बघायला आलेल्यांबद्दल दोन ओळी,
आणि खाली, जागा संपत आल्यामुळे दाटीवाटीनं:
पुढे काय झाले ते कळवावे.

मी ते स्क्रीनच्या उजव्या कडेला लावलंय.
बाजार सव्वानऊला उघडतो.