गंजकाम

मंगळवारी संध्याकाळी, शिल्डनच्या मेथडिस्ट चर्चमागच्या हॉलमध्ये
टेबलाला टेबल लागतं
आणि त्यांच्यावर एक अख्खा डोंगराळ मुलूख पसरतो.
स्पंजची झाडं, कॉफीच्या चोथ्याची माती,
बोगद्याच्या तोंडाशी चिकटवलेली चार मेंढरं.
त्यातलं एक दर आठवड्याला पडतं.

माझ्याकडे गंज आहे.

बत्तीस वर्षं याच गावात मी दातांवरचे डाग काढले,
चहाचे, तंबाखूचे, आळसाचे.
दवाखाना बंद केला तेव्हा बारीक हत्यारं हातात उरली
आणि मिळालं हे उलटं काम:
कोऱ्या प्लॅस्टिकला म्हातारपण आणायचं.
विटकरी खडूची पूड, दोन थेंब स्पिरिट, शून्य नंबरचा ब्रश.
पाणी कुठे साचेल, एवढाच विचार करायचा.
बिजागरीखाली, रिव्हेटच्या कडेला,
जिथे माणसांचाही ब्रश पोचत नाही
तिथेच.

इथल्या बहुतेकांना मी आतून ओळखते.
सिग्नलच्या तारा डकवणाऱ्या ऑड्री रेनची सोन्याची टोपी माझी,
लेन टॅलेंटायरची वरची कवळी माझी.
मला ते डॉक्टर गायसस म्हणतात.
घैसास शिकवायचा नाद मी एकोणनव्वद सालीच सोडला.
मालडब्याला आमच्यात वाघीण म्हणतात,
म्हणजे वाघाची बायको, असं सांगितलं तेव्हा
लेन इतका हसला की कवळी हाताने धरावी लागली.
तेव्हापासून दर मंगळवारी कुणीतरी येतं:
डॉक्टर, माझ्या वाघिणीचं काय झालं?

नॉर्मन ऑल्डरसन येत नाही.
त्याच्या एकवीस वाघिणी करड्या, कोऱ्या,
अंक इतके पांढरे की डोळ्यांत जातात.
कारखान्यात रंगारी होता तो,
चौऱ्याऐंशीत टाळं लागेपर्यंत.
“आमच्याकडून नव्याच निघायच्या,” म्हणतो,
“पुढचं आम्ही बघितलं नाही.”
यावर काय बोलणार.

मे महिन्यात आम्ही रेल्वे म्युझियमला गेलो.
गावातलंच, पायी दहा मिनिटं,
तरी लेनने मिनीबस ठरवली;
सँडविचं, थर्मास, छत्र्या,
जणू बोटीने परमुलखात निघालोय.
बाकीचे इंजिनांपाशी, पितळेपाशी.
मी गुडघे सांभाळत खाली वाकून
एका बोल्टखालच्या ओघळाचा फोटो घेत होते,
वर काळा, मधे नारिंगी, टोकाला नुसता संशय,
तर चाकांपलीकडे नॉर्मनचे बूट.
वाघिणीच्या अंगावर तळवा टेकून उभा होता,
ताप बघावा तसा.
मग नखाने पोपडा उचलला.
करड्याखाली तपकिरी, त्याखाली पुन्हा करडा,
सगळ्यात आत लाल.
“अस्तराचा हात,” तो म्हणाला. “माझा असेल.”
असेल, नसेलही.
देखरेखीवरचा पोरगा आला, हात लावू नका म्हणाला.
नॉर्मनने माफी मागितली
आणि पोपडा खिशात टाकला.

पुढच्या मंगळवारी
घशाच्या गोळ्यांच्या डबीतून त्याने एक वाघीण काढली,
कापसात गुंडाळलेली.
“खालच्या अंगाला. थोडासाच. दाराच्या मागे.”

त्याच्या डाव्या खालच्या दाढेवर एक करडा ठिपका होता.
एकोणीस वर्षं, दर सहा महिन्यांनी
मी कार्डावर तेच लिहीत आले:
भरू नये. लक्ष ठेवावे.

मी ब्रश बाजूला ठेवला.
दात कोरायच्या काडीचं टोक ओलं केलं,
पुडीत बुडवलं
आणि एकदाच टेकवलं.
मोहरीच्या साताव्या भागाएवढा.

चष्मा कपाळावर सारून तो बराच वेळ बघत राहिला.
“पसरेल?”
बघू, मी म्हटलं. सहा महिन्यांनी दाखवा.

त्याने सवयीने तोंड मिटलं.