चार मायक्रॉन

गुलूच्या दवाखान्यात, अगदी शेवटच्या खोलीत,
मी माणसांचे काप काढते.
घाबरू नका. आधी नखाएवढा तुकडा येतो,
मेणात बसवलेला, गार, आज्ञाधारक.
मग पातं फिरतं आणि केसाच्या विसाव्या हिश्श्याइतकी पातळ
एक फीत सुटते, कोमट पाण्यावर तरंगते.
तेव्हा श्वाससुद्धा जपून सोडावा लागतो.
जांभळा रंग एका झाडाच्या लाकडातून येतो, गुलाबी कारखान्यातून.
दोन्ही चढले की पेशी बोलू लागतात.

लोक खिडकीतून विचारतात, "ओयेला, तोच का?"
तोच म्हणजे कोण?
दारावर पाटी एक, आत शंभरावर बिऱ्हाडं.
जुन्या काळी कुणाला त्यात खेकडा दिसला म्हणे.
अस्वा नदीचे खेकडे मी लहानपणी खूप धरलेत.
काचेवर मात्र एकदाही दिसला नाही.

ओडोकी आजोबांच्या अन्ननलिकेत मोती होते.
पापुद्र्यावर पापुद्रा, गुलाबी, गोल,
शिंपल्यानं मन लावून केल्यासारखं काम.
आधी कसावा अडकला, मग पेज,
मग पाणी, मग स्वतःची थुंकी.
सून तिळाचं वाटण पातळ करकरून आणायची.
परत नेतानाही वाटी दोन्ही हातांनी धरायची,
भरलेली असायची म्हणून.

सुकी मासळी विकणाऱ्या बाईच्या गर्भाशयाच्या तोंडाशी
पेशींनी उंबरठ्यावर नुसती गर्दी केली होती.
तिथे एक रेघ असते, झिरझिरीत.
अलीकडे असेल तर तेवढा भाग खरवडून
संध्याकाळच्या आत घरी पाठवतात.
पलीकडे एक पाऊल पडलं असेल तर कंपालाचा रस्ता,
किरणं, दोन बकऱ्या विकणं.
मी त्या रेघेवरून तासभर चालले,
दोनदा मागे आले.
शाबूत होती.
ते लिहिताना पेन उमटेना, दुसरं घेतलं.

आणि काही जण गाठ बांधतच नाहीत.
ओकुमू मास्तरांच्या हिरड्यांतून रक्त यायचं,
पोटऱ्यांवर निळे डाग, जिना चढताना धाप.
"पण आहे कुठं तो?" ते पुन्हा पुन्हा विचारत.
बोट ठेवता येईल अशी एक जागा हवी होती त्यांना.
रक्तातच आहे, मास्तर, सगळीकडे.
हे सांगायचं काम माझं नाही. नशीब.

लाडवार नऊ वर्षांचा.
जबडा एका आठवड्यात पेरूएवढा,
पंधरवड्यात आंब्याएवढा. अशी घाई दुसऱ्या कुणाला नसते.
त्याची काच भिंगाखाली धरली तर रात्रच:
निळ्याकाळ्या पेशी खेटून खेटून, मध्येमध्ये चांदण्या.
त्या चांदण्या म्हणजे सफाईवाल्या पेशी,
मेलेल्यांना गिळून फुगलेल्या, फिकट.
इतक्या वेगानं जन्म आणि इतकं मरण
की उचलणारे पुरे पडत नाहीत.
पण जो धावत सुटतो तोच औषधाच्या तावडीत आधी सापडतो.
दुसऱ्या डोसनंतर गाल खाली बसला.
तिसऱ्यानंतर त्यानं नर्सला शिवी दिली. सगळे हसले.

काल तो स्वतः खोलीत आला. डोक्यावर एक केस नाही.
मूठ पुढे केली. तळहातावर दाढ.
"हलत होती, पडली. हिचा पण काप काढ."
दात पात्याला दाद देत नाही, मी म्हटलं.
आम्लात ठेवावा लागतो दिवसचे दिवस, मऊ पडेपर्यंत.
"मग ठेव. पुढच्या डोसला येईन तेव्हा बघू."

बाटलीवर नंबर नाही घातला, नाव लिहिलं.
कुणी रिपोर्ट मागितलेला नाही.
तरी सकाळी आल्यावर आधी
सुई टोचून पाहते.
अजून कडक आहे.