नाल्का, मीठ लावून

यंत्रात डोकं अडकवून मला झोपवलं, दोनदा.
पहिल्यांदा एप्रिलमध्ये, पोट कापण्याआधी;
दुसऱ्यांदा नोव्हेंबरात, एकतीस किलो उणे होऊन.
दोन्ही वेळा डोळ्यांवरच्या आरशात तीच चित्रं:
लोणी ओघळणारा पाव, तळलेली कोंबडी,
मग उगाच एक स्टेपलर, एक छत्री,
पुन्हा केक.
भोवती कुणी भिंत फोडत असल्याचा आवाज
आणि त्यातून यास्ना, काचेपलीकडची पोरगी:
"सेन्योरा इस्मेनिया, हलू नका. फक्त बघा."

फक्त बघा!
छप्पन्न वर्षांत अन्नाकडे मी
नुसतं बघितलं होतं कधी?

पहाटे तीनला बेकरीची भट्टी पेटवते मी, वाल्दिवियात,
नदीच्या अंगाला, मासळीबाजारामागे.
पहिली मार्राकेता फुटायची ती माझ्या हातात,
चटके खात, उभ्यानेच.
दुसरी एप्रनच्या खिशात.
पुढचं मोजायचं नाही, असं माझं माझ्याशी ठरलेलं.
बाहेर समुद्रसिंह धक्क्यावर चढून
माशांच्या मुंड्यांसाठी गळा फाडायचे
आणि मला वाटायचं, मेले माझी नक्कल करतात.

डॉक्टर अरावेना म्हणाले, पोट अंड्याएवढं केलंय.
बरं, केलंत.
पण टाके पोटाला,
मग डोक्यापर्यंत ही बातमी नेली कुणी?
आतड्यातून काही रसं सुटतात, ते म्हणाले,
रक्तातून वर जातात, निरोप सांगतात.
काय सांगतात, ते त्यांनाही नीट ठाऊक नव्हतं.
त्यांनी पेनाने कागदावर एक बाण काढला, वर जाणारा,
आणि घड्याळात पाहिलं.

अन्नावरची वासना उडाली, असं म्हणतात ना.
उडाली म्हणजे कुठे गेली?
मी आजही तीनला उठते, कणीक तिंबते,
पाव सोनेरी झाला की नाक सांगतं, काढ.
नाक तेवढंच सांगतं.
पाव फोडून पाहते: आत जाळी छान पडलीय.
एखाद्या गवंड्याने भिंत पाहावी तशी पाहते
आणि ठेवून देते.

ओस्वाल्दोचं मात्र अवघड झालं.
सव्वीस वर्षं दर शनिवारी तो कूचेन आणतो,
सफरचंदाचा, खोक्याला सुतळी बांधलेला.
भांडणानंतर आणला, बाळ गेलं तेव्हा आणला,
नोकरी सुटली तेव्हा तर दोन आणले.
त्याला दुसरी भाषाच येत नाही.
आता मी दोन चमचे खाते, चांगलाय म्हणते.
उरलेला तो खातो, खिडकीकडे तोंड करून.
नकोसा झालाय तो कूचेन, अरे, तू नाहीस,
हे मला म्हणता येत नाही,
कारण माझीही भाषा तीच होती.

ऑक्टोबरात पुलाच्या तोंडाशी
एक बाई नाल्का विकायला बसली होती,
काटेरी देठ, माझ्या दंडाएवढे.
कशासाठी घेतला कोण जाणे.
तिनेच सोलून दिला, वर मीठ भुरभुरलं.
लहानपणी ओढ्याकाठून चोरून आणायचो तो आंबटपणा,
दात आंबून जातील असा,
आणि तोंडाला पाणी सुटलं.
मी तिथेच थांबले, बस निघून गेली.
आनंद वगैरे नाही, भीती वाटली आधी:
परत आली की काय ती?
पण एक देठ संपला आणि मी थांबले.
संपला म्हणून नाही. पुरला म्हणून.

यास्नाला म्हटलं, तुझ्या चित्रांत नाल्का घाल.
ती हसली. चित्रं ठरलेली असतात म्हणे,
सगळ्यांना तीच.
नंतर तिने दोन्ही फोटो शेजारी लावून दाखवले:
एप्रिलचा, कपाळामागे भट्टीसारखा नारिंगी डाग;
नोव्हेंबरचा, अगदी काळोख नाही,
शेजारच्या घरात टीव्ही चालू असावा तेवढा उजेड.
फक्त एका जागी तिची भुवई वर गेली.
इथे छत्रीचं चित्र होतं, ती म्हणाली,
छत्रीला कुणी असं करत नाही.
तुम्ही हललात का?

हलले नव्हते, पोरी.
आवंढा गिळला होता फक्त.